आबा, अक्का आणि कथलाचे छर्रे

आमच्या डाळमिलमध्ये उंदीर किती होते ते मला विचारू नका. खरं सांगितलं तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल आणि खोटं सांगितलं तर लगेच विश्वास ठेवाल. एवढंच सांगतो, दुपारी एकला जेवणासाठी यंत्रं थांबली की शेडची जमीन हलायला लागायची. नवा हमाल आला की त्याला वाटायचं, उन्हानं चक्कर आली. तो खाली बसायचा, आणि मग कोणावर बसलो ते बघून जास्तच वेगानं उठायचा.

मी तिथे दाणे तपासायला लागलो होतो. तुरीत ओल किती, खडे किती, किडका दाणा किती, असलं काम. मिल जळगावच्या बाहेर, लांबच लांब पत्र्याच्या शेडमध्ये. शेडच्या कोपऱ्यात काचेची एक खोली, तिच्यात एक नाजूक काटा आणि एक पंखा. त्या खोलीला सगळे प्रयोगशाळा म्हणायचे आणि मीही म्हणू द्यायचो.

पहिल्या दिवशी शेठनी मला मिल फिरवून दाखवली. चाळण्या दाखवल्या, पट्टा दाखवला, आणि शेवटी तुरीच्या पोत्यांच्या एका थप्पीसमोर आणून उभं केलं. थप्पी पार छताला टेकायला आलेली. वर प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत खळ केलेलं पांढरंशुभ्र धोतर, पांढरी टोपी, आणि मांडीवर छर्ऱ्याची बंदूक.

“हे आमचे आबा,” शेठ म्हणाले. गावात शिरताना लोक वेशीकडे बोट दाखवून “हा आमचा मारुती” म्हणतात, अगदी त्या आवाजात.

मी हात जोडले. वरून काही उत्तर नाही. फक्त मिशी जरा हलली.

“बोलत नाहीत का?”

“बोलतात की. आत्ता पाच आहेत.”

“काय पाच?”

“छर्रे. गालात.”

आपल्याकडचा माणूस गालात तंबाखू धरतो. आबा छर्रे धरत. शिशाचे. बंदूक प्रत्येक वेळी मोडून भरावी लागते, आणि खिशात बोटं घालून छर्रा शोधेपर्यंत उंदीर लग्न करून नांदायला जातो, असं त्यांचं म्हणणं. गालातून जिभेनं पुढे ढकलायचा, ओठांवरून चिमटीत घ्यायचा, नळीत सारायचा. तीस वर्षं हे चाललेलं. हमालांना तर त्यांच्या बोलण्यावरून आत किती शिल्लक आहेत ते कळायचं. पाच असले की आबा मुके. तीन असले की नुसती शिवी देता यायची, आणि तीही अर्धी. गाल पूर्ण रिकामा झाल्यावर आबा जे बोलत, ते ऐकायला पट्ट्यावरच्या बायासुद्धा भाकरी हातात धरून थांबत.

आबांचा नेम कधी चुकला नव्हता. हे मी सांगत नाही, अख्खी मिल सांगायची. थप्पीवरून शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे डाळीची चुणी, म्हणजे तुकडा आणि कोंडा, सांडायची, तिथे ते एकाच छर्ऱ्यात काम संपवत. नवख्याला कौतुक म्हणून मुकादम सांगायचा, की आबांनी एकदा उडत्या माशीची डावी मिशी उडवली होती. मी विचारलं, माशीला मिशी असते? तो म्हणाला, “आते नही ना ऱ्हायनी.”

त्यांचे नियमही फार. पाठमोऱ्या उंदरावर आबा कधी गोळी झाडत नसत. आधी जिभेनं टक् असा आवाज काढायचे. उंदीर वळून बघायचा, वर कोण बसलंय ते त्याला कळायचं, आणि मग सुटायचा छर्रा. “पाठमोऱ्याले मारनं ती शिकार नही, चोरी शे.” शिवाय सगळ्यांना मारायचंही नाही. एकाच पोत्याला भोक पाडून पोटभर खाणाऱ्याला ते सोडून देत. “खाऊ दे, त्याले बी पोट शे.” पण दहा पोती कुरतडून एकेक दाणा चाखत हिंडणारा दिसला, की त्याची धडगत नव्हती. मी विचारलं, एवढ्या उंचावरून कोण कुठला ते ओळखता कसं? म्हणाले, “चालवरथीन वळखू येस. तुले बी मी पहिल्याच दिवशी वळखं.” मी कुठल्या गटात, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आणि अक्का. अक्का म्हणजे करड्या रंगाची, एक कान अर्धा गेलेली मांजर. आबा स्वतःच्या बायकोला “ए” म्हणत आणि मांजरीला “अहो अक्का.” बरोबर एकला ती थप्पीच्या पायथ्याशी येऊन बसायची. दिवसाचा पहिला उंदीर तिचा. तिनं खायला सुरुवात केल्याशिवाय आबा दुसरा छर्रा गालातून काढत नसत, आणि मुकादम डबा उघडत नसे. घड्याळ बिघडलं तरी आमची मिल अक्काच्या जेवणावर चालली असती.

एके दिवशी अक्का एकला आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. उंदीर पडला, तिनं बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी चालताना तिची मागची तंगडी लटपटायला लागली, तोंडातून लाळ गळायला लागली. तिसऱ्या दिवशी आबांनी बंदूक खुंटीला लावली, तिला भाजीच्या पिशवीत घातलं आणि मला म्हणाले, “चाल धुळे.”

जळगावात जनावरांचे डॉक्टर काय कमी होते? पण जळगावातल्या एका डॉक्टरनं आबांना बायकोसमोर “पोट साफ होतं का?” असं विचारलं होतं, तेव्हापासून त्यांचा या शहरातल्या समस्त वैद्यकीय व्यवसायावरचा विश्वास उडाला होता. धुळ्यातले डॉक्टर त्यांच्या गावाकडचे, चोपड्याच्या बाजूचे. म्हणून तिकडे.

एसटीत कंडक्टरनं पिशवीकडे बघितलं. “आबा, आत काय?”

“अक्का.”

अक्कानं डोकं बाहेर काढलं.

“मांजरीचं तिकीट लागेल.”

“फाड ना मंग. पन अर्धं.”

“अर्धं का? लहान आहे?”

“बाई शे ती. बायास्ले अर्धं तिकीट शे ना आते?”

“आबा, ते माणसांच्या बायांना!”

“मंग तिले माणूस समज, अर्धं फाड. नहीते जनावर समज, फुकट ने. तुले जे जमस ते कर.”

यावर एसटीत दोन पक्ष पडले. पुढची बाकडी म्हणाली पूर्ण तिकीट, मागची म्हणाली अर्धं, आणि मधल्या एका बाईनं अक्काचं वय विचारून ज्येष्ठ नागरिकाचा मुद्दा काढला. एरंडोल आलं आणि गेलं. शेवटी कंडक्टर काहीच न फाडता पुढच्या सीटवर जाऊन बसला आणि पारोळ्यापर्यंत नुसता रस्त्याकडे बघत राहिला.

धुळ्याच्या डॉक्टरांनी अक्काचा एक्स-रे काढला आणि उजेडावर धरला. पोटात पांढरे ठिपके, अमावस्येच्या आभाळासारखे.

“आबा, तुम्ही उंदीर कशानं मारता?”

“छर्ऱ्यानं.”

“कशाचा छर्रा?”

“शिसाना. दुसरा कसाना ऱ्हास?”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. छर्रा उंदराच्या अंगात राहतो, हाडावर आपटून त्याचे कण होतात. उंदीर अक्का खाते. शिसं तिच्या रक्तात जातं. शिसं म्हणजे विष. ही आत्ता वाचेल, औषध देऊ; पण पुन्हा पोटात गेलं तर वाचणार नाही.

आबा उसळले. “शिसं आनि विष? मी तीस वरीस गालमा धरी ऱ्हायनू. मले काय व्हयनं?”

डॉक्टरांच्या हातातला एक्स-रे खाली आला. त्यांनी टेबलावरची बॅटरी उचलली. ती बैलाच्या घशात बघायची होती.

“आबा, तोंड उघडा.”

आबांनी उघडलं. आत एक छर्रा होता, सवयीचा. डॉक्टरांनी तो बाजूला घ्यायला लावला आणि हिरड्यांवर उजेड टाकला.

“ही निळी रेघ कधीपासूनची?”

“जुनी शे. आमना घराणाना रंग शे तो.”

“घराण्यात सगळेच छर्रे चघळतात का? बरं, पोटात कळा येतात? आणि पोट साफ?”

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला त्या क्षणी वळून बघणाऱ्या उंदरांबद्दल कणव आली. “तू बाहेर जाय.”

मी गेलो नाही. अशी संधी कोण सोडतो?

“हात कापतो?”

“बंदूक कापस. हात नही.”

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. “आबा, मी ढोरांचा डॉक्टर. तुम्हाला गोळी लिहून दिली तर माझ्यावर बालंट येईल. पण तुम्हाला आणि या मांजरीला एकच रोग आहे. उद्या माणसांच्या दवाखान्यात जा, रक्त तपासा. आणि यापुढे गालात शिसं नाही, बंदुकीत शिसं नाही.”

बायकोनं वीस वर्षं सांगितलेलं, मुलांनी सांगितलेलं, शेठच्या वडिलांनी हात जोडून सांगितलेलं. आबांनी कुणाचं ऐकलं नव्हतं. आता त्यांनी पिशवीतल्या अक्काकडे बघितलं, तो छर्रा रुमालात बांधला, गाठ मारली आणि म्हणाले, “नही म्हंजे नही.”

परतीच्या एसटीत आबा धुळ्यापासून जळगावपर्यंत अखंड बोलले. तीस वर्षांचं गालात साचलेलं. मला तर सकाळचा कंडक्टर हवाहवासा वाटायला लागला.

पुढे काय झालं ते सांगतो. आबा गोळ्या घ्यायला लागले, अक्का दूध प्यायला लागली, आणि मी मोबाइलवरून बिनशिशाचे छर्रे मागवले. कथलाचे. चकचकीत, चांदीच्या बारक्या घंट्यांसारखे. माझ्या काट्यावर एका पारड्यात शिशाचा ठेवला, दुसऱ्यात कथलाचा. पैलवानाशेजारी कवी उभा केल्यासारखं दिसलं.

पहिल्या दिवशी सगळी मिल जमली. अक्का पिशवीतून मान काढून बसलेली. आबा थप्पीवर चढले, टक् केलं, उंदीर वळला, आणि छर्रा सुटला.

छर्रा लोखंडी खांबावर आपटला, तिथून चाळणीच्या पत्र्यावर गेला, तिथून उडून मुकादमाच्या हातातला कांदा घेऊन गेला. उंदीर आबांकडे बघत राहिला. मला विचाराल तर त्याला वाईट वाटलं.

शेडमध्ये एवढी शांतता, की किडका दाणा पडला असता तरी मला ऐकू आला असता. आबा वरून म्हणाले, “मी चुकनू.” हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता, गाल भरलेला असताना तो बाहेर येणंच शक्य नव्हतं.

त्याचं असं होतं, की कथलाचा छर्रा हलका. निघतो तरतरीत, पण एवढं लांब जाईपर्यंत दमतो, भरकटतो. आणि टणक असल्यामुळे लोखंडावर शिशासारखा चपटा होऊन पडत नाही, परत येतो. आठवडाभर आबा चुकत राहिले. हमाल डोक्यावर घमेली पालथी घालून जेवायला लागले. बाया डाळीच्या पत्र्यामागे बसून भाकरी खायच्या. उंदरांनी मात्र लपणं सोडलं. त्यांचा एक म्होरक्या होता, मांजराएवढी घूस. तिला सगळे सरपंच म्हणायचे, कारण तिला कोणी हलवू शकलं नव्हतं. ती तर दुपारी एकला चुणीच्या ढिगावर येऊन ऊन खात बसायची.

त्यात शेठनी बातमी आणली. लहान मुलांचं खाणं बनवणारी पुण्याची एक मोठी कंपनी आपली डाळ घेणार होती. पंधरा दिवसांनी तपासणी.

“आबा, तोवर उंदीर कमी झाले नाहीत तर मी सगळीकडे विषाच्या वड्या टाकणार.”

“विषना उंदीर अक्का खाई.”

“मग मी काय करू?”

शेठ गेले. मुकादम थप्पीखाली येऊन हळूच म्हणाला, “आबा, जुनी डबी काढा ना. पंधरा दिन शिसं चालवा, अक्काले कोठीमा कोंडी द्या.”

“छर्रा लागेल उंदीर फटीमा जाईसन मरस. महिनाभरनी ती सुटनी, की पहिले त्याच फटीमा जाई. तू जाशी तिना आधी? तुनं तोंड जाई तठे?”

मुकादमाचं तोंड जाण्यासारखं नव्हतं. तो गेला.

आबांचं निदान वेगळंच होतं. त्यांच्या मते नेम गेला तो गाल रिकामा झाल्यामुळे. कथलाचे छर्रे गालात धरायलाही डॉक्टरांनी बंदी केलेली. तेव्हा त्यांनी गालात मूग धरले. पाच. डाळमिलमध्ये मुगाला काय तोटा? आणि दुसऱ्याच दिवशी सरपंच ऐन टप्प्यात आली असताना, तीस वर्षांच्या सवयीनं जीभ पुढे झाली, ओठांवरून चिमटीत आलं, नळीत गेलं आणि बार निघाला. नळीतून हिरव्या पिठाचा एक भपकारा बाहेर आला. बस. सरपंचनं नाक वर करून वास घेतला.

मिल हसली. अशी हसली की रस्त्यावरचे केळीचे ट्रक थांबले. सावद्याला माल पोहोचला तेव्हा केळी पिकलेली होती, असं मी ऐकलं. आबा हसले नाहीत. खुर्चीत तसेच बसून राहिले, आणि पहिल्यांदाच मला ते म्हातारे वाटले. खाली अक्का, आता जरा सावरलेली, चुणीच्या ढिगाकडे सरपटत निघाली होती. पोट जमिनीला चिकटलेलं. एक पाऊल, थांबणं. एक पाऊल, थांबणं. आबा ते बघत होते.

“मी तीस वरीस मांजर पाळी,” ते म्हणाले, “पन तिनापाईन काहीच शिकनू नही.”

आणि थप्पीवरून खाली उतरले. खुर्ची वरच राहिली. त्यांनी एक रिकामं पोतं जमिनीवर अंथरलं आणि खळ केलेल्या धोतरासकट चुणीच्या धुळीत पालथे झाले. ज्या माणसानं तीस वर्षं सगळ्यांकडे वरून बघितलं, त्याच्या डोक्यावरून आता हमाल पाय टाकून जात होते. एकानं चिडवलं, “आबा, अंगाई म्हनू का?” दहा-बारा हातांवरून कथलाचा छर्रा सरळ जातो, हे त्यांना दोन दिवसांत कळलं. मागे भिंतीला त्यांनी वाळूची पोती लावून घेतली, म्हणजे चुकला तरी छर्रा परत यायचा नाही. तिसऱ्या दिवशी मुकादमानं डोक्यावरचं घमेलं काढलं. दहाव्या दिवशी जमीन हलायची थांबली. फक्त सरपंच उरली.

तपासणीच्या दिवशी शेठनी आबांना सांगितलं होतं, आज घरी राहा. तपासणीस बाई आल्या. तिशीच्या, डोक्याला जाळी, हातात टॅबलेट. शेठ त्यांना चाळण्या दाखवत होते. एकला यंत्रं थांबली. आणि चुणीच्या ढिगाआड पोत्यावर एक पांढरं म्हातारं प्रेत पडलेलं बाईंना दिसलं.

“यांना काय झालंय?”

शेठचा चेहरा त्या जाळीपेक्षा पांढरा. प्रेतानं एक हात वर केला: थांबा. टक् असा आवाज आला. भिंतीलगत सरपंच वळली. छर्रा सुटला आणि सरपंच जागेवर आडवी झाली.

बाई ओरडल्या नाहीत. मला त्या तेव्हाच आवडल्या. त्या फक्त म्हणाल्या, “छर्रा शिशाचा आहे?”

आबांनी पडल्या पडल्या डबी पुढे सरकवली. बाईंनी वाचली. “शिसं नाही. चांगलं. आणि विष वगैरे टाकता?”

“नाही, नाही!” शेठ म्हणाले. इतक्या ठामपणे, की मलाही खरं वाटलं.

“टाकूही नका. कागदावर तसं लिहून द्या.”

मुकादमानं माझा दंड असा दाबला की अजून दुखतो. आबा उठून बसले, धोतर झटकायला लागले. अक्का वाचली होती.

तेवढ्यात अक्काच आली. शेपटी उभी, बाईंच्या बुटांमधून वाट काढत गेली, सरपंचची मान तोंडात धरली आणि ओढायला लागली.

“हे काय?”

“मांजर,” शेठ म्हणाले.

“ते दिसतंय. खाण्याच्या कारखान्यात मांजर चालत नाही. कुठलंही जनावर नाही. बाहेर काढा, मग मी सही करते.”

शेठनी आबांकडे बघितलं. बाईंची काही चूक नव्हती, शेठचीही नव्हती. आम्ही सगळे खाली बघत होतो.

आबांनी विचारलं, “बाई, मी नियममा शे का?”

“तुम्ही? हो. तुम्ही चालता.”

“आनि ही नही?”

“नाही, आबा.”

आबांनी बंदूक खांद्याला अडकवली. ती त्यांची स्वतःची होती. कथलाची डबी खिशात टाकली. वाकून अक्काला उचललं. तिनं सरपंच सोडली नाही, म्हणून सरपंचही आली.

“मंग मी बी नही,” म्हणाले, आणि शेडच्या लांबच लांब वाटेनं फाटकाकडे चालू लागले. काखेत मांजर, मांजरीच्या तोंडाला घूस, आणि तिचं शेपूट आबांच्या पांढऱ्या धोतरावर रेघ ओढत चाललेलं. पट्ट्यावरच्या बाया उभ्या राहिल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सही झाली, डाळ पुण्याला गेली. मिलमध्ये आता पिंजरे आहेत, ते बरे चालतात असं शेठ म्हणतात. मीही पुढे ती नोकरी सोडली. सोडायच्या आधी एका रविवारी आबांच्या घरी गेलो. दारात त्यांच्या बायकोनं परसाकडे बोट दाखवलं.

परसात, केळीच्या खुंटांपाशी, आबा पोत्यावर पालथे पडले होते. शेजारी अक्का, तशीच पालथी. दोघांच्या नाकांसमोर एक बीळ. गाल दोघांचेही रिकामे.

“आबा,” मी म्हणालो.

त्यांनी मागे बघितलं नाही. “चूप,” म्हणाले. “तिनं जेवण येई ऱ्हायनं.”